नव्या घेतलेल्या घरात लाकडाला भुंगा: पॉलिशच्या आधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

जुना बंगला, वाड्यातला मजला किंवा वापरलेला फ्लॅट घेतला, की किल्ल्या हातात पडताच पहिला फोन जातो रंगाऱ्याला. चौकटीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतात. सुतार म्हणतो, ‘लांबी भरून पॉलिश मारू, काही दिसणार नाही.’ खरोखरच काही दिसत नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मात्र त्याच चकचकीत पॉलिशमधून ताजी भोकं पडतात आणि खाली पिठाची छोटी ढिगोळी जमते.

कारण साधं आहे. दिसणारं भोक ही सहसा किड्याची आत जायची वाट नसते, ती बाहेर पडायची वाट असते. लाकूड खाते ती अळी आणि ती आत महिनोन् महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ असते. भोक दिसलं तेव्हा तो किडा निघून गेलेला असतो. त्याचे भाऊबंद अजून आत असतील, तर बाहेर यायला ते पॉलिशही पोखरतात. म्हणून आधी ओळख, मग ओल बंद करणं, मग लाकूड उघडं करणं, मग औषध आणि सगळ्यात शेवटी लांबी-पॉलिश, असा क्रम ठेवावा लागतो. बहुतेक घरांत हाच क्रम उलटा होतो आणि पैसे दोनदा जातात.

## टप्पा १: सामान आणण्याआधी तपासणी

घर रिकामं असताना जे दिसतं ते कपाटं लागल्यावर दिसत नाही. सोबत प्रखर टॉर्च, जाड टोचा किंवा पेचकस, छोटी हातोडी, मोजपट्टी, खडू आणि मोबाइल घ्या. टॉर्च लाकडावर सरळ मारू नका. पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. तिरक्या उजेडात भोकांच्या सावल्या उठून दिसतात.

पाहायच्या जागा:

- दरवाजा-खिडक्यांच्या चौकटींचा खालचा एक फूट आणि भिंतीला चिकटलेली कड
- दाराच्या फळीची खालची आणि वरची जाडी (इथे रंगाऱ्याचा ब्रश सहसा पोचलेला नसतो)
- जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू
- तुळई आणि कड्यांची भिंतीत गेलेली टोकं, तक्तपोशीच्या फळ्यांचे सांधे
- कौलांखालचे वासे आणि रिपा
- ओट्याखालची कपाटं, त्यांची पाठ आणि आतल्या पट्ट्या
- माळ्यावर आधीच्या मालकाने सोडलेलं सामान: बांबू, मोडके पाट, फळ्या, जळण

शेवटची जागा लोक हमखास विसरतात. माळ्यावरचा बांबूचा भारा हा घरातला सगळ्यात मोठा साठा असू शकतो. तो आधी बाहेर काढा. पुढे कामाला येईल म्हणून गच्चीत ठेवू नका.

भोकं दिसतील तिथे खडूने गोल करा, फोटो काढा आणि घराच्या कच्च्या नकाशावर खूण करा. हा नकाशा पुढे दोन वर्षं लागणार आहे.

## टप्पा २: कीड कोणती ते ठरवा

उपाय किडीनुसार बदलतो, त्यामुळे इथे घाई नको. भोकाचा व्यास मोजा आणि पडलेली पावडर चिमटीत घेऊन चोळा.

१ ते २ मिलिमीटरचं गोल भोक आणि टाल्कमसारखी मऊ पावडर: हा बारीक भुंगा. घरांत सगळ्यात जास्त आढळतो. रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातला सालीजवळचा पांढरट भाग तो खातो, कारण त्यात स्टार्च असतं. आंबा, बाभूळ, रबरवुड यांना तो सहज लागतो. सागाचा गाभा तो खात नाही. सागाच्या चौकटीला भोकं दिसली, तर ती बहुधा एका कडेच्या फिकट पट्ट्यातच असतील. अशा वेळी अख्खी चौकट बदलायची गरज नसते.

३ ते ६ मिलिमीटरचं भोक, आत भुसा घट्ट दाबलेला: मोठा भुंगा. बांबू, पॅकिंगचं हलकं लाकूड आणि प्लायच्या आतल्या थरांतही सापडतो.

लांबट, अंडाकृती, ५ मिलिमीटरहून मोठं भोक आणि जाडसर भुसा: लांब मिशांच्या भुंग्याची अळी. भोकं थोडी असतात, पण आतले बोगदे मोठे असतात. तुळई किंवा खांबावर असं भोक दिसलं तर थेट टप्पा ४ वर जा.

पावडरीऐवजी खसखशीसारखे कडक दाणे: ही कोरड्या लाकडातली वाळवी. चिमटीत चोळल्यावर दाणे फुटत नाहीत, रवाळ लागतात.

मातीच्या नळ्या, पावडर अजिबात नाही: जमिनीतून येणारी वाळवी. तिचा इलाज पाया आणि भिंतीच्या कडेला भोकं पाडून मातीत औषध सोडणं हा आहे. त्याची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिली आहे. पुढचे टप्पे तिच्यासाठी पुरेसे नाहीत.

बोटाएवढं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक, बाहेरच्या वाशाला: लाकडात घर करणारी काळी माशी. ती लाकूड खात नाही, फक्त राहते. संध्याकाळी उशिरा औषध सोडून भोक लाकडी खुंटीने बंद केलं की काम झालं.

> सावध: वाळवीची हमी आणि भुंग्याची हमी वेगळी असते. ‘पेस्ट कंट्रोल झालेलं आहे’ असं विकणाऱ्याने सांगितलं, तर कागद मागा आणि त्यावर कोणत्या किडीचा उल्लेख आहे ते वाचा. मातीतली वाळवीची प्रक्रिया चौकटीतल्या अळीपर्यंत पोचतच नाही.

## टप्पा ३: कीड जिवंत आहे की जुनी?

भोकं आहेत म्हणजे कीड आहेच असं नाही. वीस वर्षांपूर्वी लागून संपलेल्या भुंग्याची भोकंही तशीच दिसतात. बारीक भुंगा स्टार्च संपलं की स्वतःच थांबतो, त्यामुळे फार जुन्या लाकडात तो क्वचितच चालू असतो.

ताज्या भोकाची कड धारदार आणि आतलं लाकूड फिकट असतं. जुन्या भोकात धूळ, रंग किंवा जाळं दिसतं. फक्त डोळ्यांवर मात्र विसंबू नका. दार आपटलं तरी जुना भुसा खाली पडतो आणि माणूस घाबरतो.

खात्रीची पद्धत अशी:

१. भोकांचा भाग व्हॅक्यूम क्लीनरने नीट ओढून घ्या. फुंकू नका, पावडर डोळ्यांत जाते.
२. भोकांवर पतंगाचा कागद किंवा टिश्यू खळीने चिकटवा. कडा पक्क्या बसवा.
३. कागदावर तारीख लिहा.
४. खाली काळा कार्डपेपर ठेवा.
५. सहा ते आठ आठवडे थांबा आणि दर रविवारी पाहा.

कागदाला आतून भोक पडलं किंवा काळ्या कागदावर नवी पावडर आली, तर कीड जिवंत आहे. डिसेंबरात काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. किडे मुख्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसाच्या सुमारास बाहेर पडतात. हिवाळ्यात ताबा मिळाला असेल तर कागद जुलैपर्यंत राहू द्या, किंवा संशय मोठा असेल तर कीड जिवंत आहे असं धरूनच पुढे चला.

## टप्पा ४: लाकडात जोर किती उरलाय?

हा टप्पा औषधाच्या आधी येतो. जे लाकूड काढूनच टाकायचं आहे त्यावर औषध ओतण्यात अर्थ नाही.

हातोडीने हलकेच वाजवत जा. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ लाकूड बद्द. बद्द वाजेल तिथे टोचा जोर लावून दाबा. तो दोन-तीन मिलिमीटर जाऊन थांबला तर नुकसान वरवरचं आहे. बिस्किटात गेल्यासारखा आत शिरला तर किती खोल गेला ते मोजा. दारं-खिडक्यांच्या बाबतीत निर्णय तुमचा आणि सुताराचा. पण खांब, तुळई, कडी, जिन्याची तुळई, म्हणजे ज्यावर भार आहे असं कोणतंही लाकूड मऊ लागलं, तर आधी खाली टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सुताराच्या अंदाजावर हे सोडू नका.

जुन्या नाशकातला वाडा घेतला असेल तर आणखी दोन गोष्टी पाहा. नदीकाठच्या सराफ बाजार, भांडी बाजार परिसरात २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी शिरलं होतं. अशा घरांत खांबांचा तळ आणि उंबरे भिजून सुकलेले असतात. बाहेरून रंग ठीक दिसतो, आतून कुजकी जागा असते. शिवाय महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या मिळकतीवर अशी नोटीस आहे का, हे खरेदीआधीच विचारायला हवं. नसेल विचारलं तर आता विचारा.

> सावध: झोपाळ्याच्या कड्या जुन्या तुळईला आहेत म्हणून लगेच झोपाळा टांगू नका. कडीभोवतीचं लाकूड आधी टोचून पाहा. झोका देताना भार एकाच जागी आणि हिसक्याने येतो.

## टप्पा ५: ओल बंद करा

ओलसर लाकूड किडीला मानवतं आणि त्यात तेलकट औषध नीट शिरत नाही. न्हाणीघराच्या चौकटीमागची गळती, सरकलेलं कौल, ओट्याखालचा सिंकचा पाइप, भिंतीतून चढणारी ओल, हे आधी दुरुस्त करा. साधा मॉइश्चर मीटर वापरून आकडा १२ ते १४ टक्क्यांच्या खाली आला की पुढे जा.

नाशकात या कामाला फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी असते, खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि किडे बाहेर पडायच्या आत औषध लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी ‘उद्याच करून टाकतो’ म्हणत असेल तर त्याला थांबवा.

## टप्पा ६: लाकूड उघडं करा

औषध रंगातून, पॉलिशमधून, सनमायक्यातून आत जात नाही. हे एक वाक्य पाळलं गेलं तर निम्मी फसलेली कामं वाचतील.

भोकांच्या भागात आणि त्याच्या चारही बाजूंना किमान एक फूटभर पॉलिश खरडून काढा. आधी ८० नंबरचा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर चालवा. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. पाणी मारून घासा किंवा रंग काढायचं रसायन वापरा, आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधा. लहान मुलं त्या दिवशी घरात नकोत.

कपाटाची पाठ, ड्रॉवरचा तळ, दाराची वरची-खालची जाडी हे भाग मुळातच कोरे असतात. मादी अंडी घालायला नेमक्या याच उघड्या छिद्रांच्या जागा शोधते. त्यामुळे समोरची बाजू सुटली तर एकवेळ चालेल, या सुटता कामा नयेत.

तपासा: उघड्या लाकडावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात शोषला गेला तर तयारी झाली. थेंब तसाच उभा राहिला तर अजून घासा.

## टप्पा ७: औषध

दोन मार्ग आहेत. दोन्ही एकत्र कालवायचे नाहीत.

### पाण्यातलं औषध: बोरिक आणि टाकणखार (बोरॅक्स)

आतल्या, कोरड्या राहणाऱ्या, कोऱ्या लाकडासाठी हे उत्तम. वास नाही, पेट घेत नाही, डाग पडत नाही. आयएस ४०१ मध्ये बोरिक ॲसिड आणि टाकणखार यांचं प्रमाण वजनाने १ ला १.५ दिलं आहे. घरगुती कामासाठी दर लिटर गरम पाण्यात ४० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ६० ग्रॅम टाकणखार घ्या. काट्यावर मोजा, चमच्याने नको. पाणी पारदर्शक होईपर्यंत ढवळा. बोरिक केमिकलच्या दुकानातून घ्या. कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिकच असते असं नाही. भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही, आणि पावडर मुलांच्या हाती लागू द्यायची नाही.

ब्रशने भरपूर ओलं करा. पहिला हात पुरता वाळायच्या आत दुसरा, मग तिसरा. लगेच प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि तीन-चार दिवस तसंच ठेवा. लाकूड ओलं असेपर्यंतच हे औषध आत सरकतं, म्हणून झाकणं महत्त्वाचं. नंतर प्लास्टिक काढून दोन आठवडे वाळू द्या. वर पांढरी खार आली तर ओल्या फडक्याने पुसा. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या लाकडाला हे वापरू नका, धुऊन जातं.

### तेलकट, तयार औषध

हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठीचं वापरायला तयार औषध मिळतं. डब्यावर ‘लाकूड पोखरणारे किडे’ असा स्पष्ट उल्लेख हवा. दोन हातांना मिळून एक लिटर साधारण ४ ते ५ चौरस मीटर, म्हणजे ४३ ते ५४ चौरस फुटांना पुरतो. सात फूट बाय तीन फूट दाराच्या, पाच बाय तीन इंची चौकटीला टोचण्यासकट अर्धा लिटर धरा. डब्यावरचा आकडा वेगळा असेल तर तो माना.

ब्रशने लावलेलं औषध वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच जातं. खोलवरच्या अळीसाठी टोचावं लागतं:

१. १० किंवा २० मिलिलिटरची सिरिंज आणि १८ गेजची सुई घ्या.
२. प्रत्येक भोकात नको. दर ७-८ सेंटिमीटरला एक भोक निवडा. आतले बोगदे एकमेकांना जोडलेले असतात.
३. सुई बसवून भोकाभोवती फडकं धरा आणि हळू दाबा.
४. शेजारच्या भोकातून औषध बाहेर आलं की थांबा.
५. तासाभराने पुन्हा एकदा.

चौथ्या पायरीकडे नीट लक्ष द्या. जोराने दाबलं की अर्ध्या फुटावरच्या भलत्याच भोकातून पिचकारी उडते आणि ती बरोबर डोळ्यांच्या उंचीवर असते. बंद गॉगलशिवाय सिरिंज हातात घेऊ नका.

चौकटीची भिंतीकडची बाजू हाताला येत नाही. तिथे कडेने ५-६ मिलिमीटरची तिरकी भोकं दर १५ सेंटिमीटरला पाडून औषध सोडा आणि नंतर लाकडी खुंट्या ठोका. तुळईला मात्र मधल्या भागात खालच्या बाजूने भोक पाडू नका. ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो. भोकं बाजूने, उंचीच्या मध्यावर आणि इंजिनिअरला विचारूनच पाडायची.

> सावध: तेलकट औषध पेट घेतं. दोन दिवस गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती काही नको. जुन्या वाड्यांत वायरिंग तुळईवरच्या लाकडी पट्टीवरून गेलेलं असतं. मेन स्विच बंद करा आणि वायरवर औषध उडू देऊ नका. नायट्राइलचे हातमोजे आणि वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतोच, कापडी मास्कचा उपयोग नाही. गरोदर बाई, लहान मुलं, मांजर आणि माशांची टाकी दुसरीकडे हलवा. उरलेलं औषध मोरीत किंवा नाल्यात ओतू नका.

### काय वापरू नये

द्राक्षबागेचं किंवा शेतातलं औषध. नाशकात ते घरोघरी पडलेलं असतं, म्हणून मोह होतो. ते उघड्या रानासाठी बनवलेलं असतं, झोपायच्या खोलीतल्या चौकटीसाठी नाही.

धान्यात ठेवायच्या सल्फॉसच्या गोळ्या. यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद घरात माणसं मारतो. कपाटात एक गोळी ठेवून दार लावलं तरी वायू फटींतून खोलीत येतो. कोणीही सुचवलं तरी नाही म्हणा.

घासलेट, डिझेल, जळकं ऑइल. वरवरचे काही किडे मरतील, पण संरक्षण टिकत नाही. आगीचा धोका राहतो आणि त्यावर पुढे पॉलिश धरत नाही.

## टप्पा ८: आता लांबी, आता पॉलिश

तेलकट औषधानंतर वास पूर्ण जाईपर्यंत, किमान दोन-तीन आठवडे थांबा. मग सगळी भोकं बुजवा. रंगाची लांबी किंवा मेण, जे पॉलिशला जुळेल ते. बुजवण्याचा खरा फायदा हा, की यानंतर दिसेल ते प्रत्येक भोक नवीन आहे हे कळतं. त्यानंतर सीलर आणि पॉलिश, सगळ्या बाजूंना, कोऱ्या पाठीसह.

पहिल्या मोसमात दोन-चार नवी भोकं पडली तर काम फसलं असं समजू नका. खोलवर उरलेले काही किडे बाहेर पडताना औषधाच्या थरातून जातात आणि मरतात. खाली मेलेले किडे सापडले तर औषध काम करतंय. दुसऱ्या उन्हाळ्यातही भोकांची संख्या वाढत असेल, तर त्या भागात पुन्हा टोचा.

## सुटं सामान

पोळपाट, लाटणं, रवी, लाकडी पळ्या यांना औषध कधीही लावायचं नाही. कीड लागली तर टाकून द्या, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही.

पाट, चौरंग, छोटी स्टुलं यांना मे महिन्याचं ऊन उपयोगी पडतं, पण नुसतं उन्हात ठेवून भागत नाही. काळ्या प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा आणि लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश किमान अर्धा तास टिकले का ते सळईच्या थर्मामीटरने पाहा. तेवढं तापमान गाठलं नाही तर अळी जिवंत राहते. जोडकामाचं, नक्षीचं किंवा जुनं शिसवी सामान असं तापवू नका, सांधे उकलतात.

देव्हाऱ्यातल्या मूर्ती आणि टाक आधी हलवा. पाठ आणि तळ या दोनच बाजूंना बोरिकचं पाणी लावा. वाळून पॉलिश होईपर्यंत आत दिवा नको.

## लाकूड बदलावं लागलं तर

पांढरट कड असलेलं लाकूड घेऊ नका. वखारीतला माणूस ‘सागच आहे’ म्हणतो ते खरं असतं, पण सागाचा पांढरा भागही किडतो. वाड्यांचं उतरवलेलं लाकूड स्वस्त आणि चांगलं मिळतं. ते घराच्या आत आणण्याआधी टप्पा १ आणि २ गाडीजवळच उरका. कापल्यावर उघडी पडलेली प्रत्येक कड आणि भोक बसवण्याआधी औषधात भिजवा. चौकट भिंतीत गेल्यावर ती बाजू पुन्हा कधीच हाताला लागत नाही.

## पेस्ट कंट्रोलवाल्याला काम देणार असाल तर

विचारायचं ते इतकंच: कीड कोणती, औषधाचं नाव आणि टक्केवारी काय, केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी डब्यावर आहे का, पॉलिश काढणार की वरूनच मारणार, आणि टोचणार का. ‘वरून स्प्रे मारतो, दोन तासांत होतं’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. हमीपत्रात ‘भुंगा’ किंवा ‘बोरर’ हा शब्द लिहून घ्या आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतरची एक तपासणी त्यात धरा. नकाशाची एक प्रत त्याच्याकडे द्या, मूळ प्रत घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.